न्यूटनची बादली मुळातून वाचताना

भौतिकशास्त्राच्या इतिहासाचं कुठलंही सोपं पुस्तक उघडा, न्यूटनच्या बादलीची हकीकत साधारण सारखीच असते. पाण्यानं भरलेली बादली दोरीला टांगली, दोरीला पीळ देऊन सोडली, पाणी फिरत फिरत कडेनं वर चढलं, आणि 'हे पाणी नक्की कशाच्या संदर्भात फिरतंय?' या प्रश्नाला न्यूटननं 'निरपेक्ष अवकाशाच्या' (म्हणजे कुठल्याही वस्तूवर अवलंबून नसलेल्या, सदैव अचल राहणाऱ्या अवकाशाच्या) असं उत्तर दिलं. दोनशे वर्षांनी ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट माख आला आणि म्हणाला, अहो, ते दूरचे तारे विसरलात की! न्यूटन निरुत्तर. पुढचं प्रकरण आइनस्टाइन.

हकीकत सुटसुटीत आहे, लक्षातही राहते. पण मूळ उतारा समोर घेऊन बसलं की ती त्यात धड बसत नाही. न्यूटननं बादलीवरून नेमकं काय सिद्ध करायचं ठरवलं होतं, यावर गेली काही दशकं विज्ञानाच्या तत्त्वज्ञानात चांगलाच वाद चालू आहे. नवख्या वाचकाला असा वाद म्हणजे तयार व्यायामशाळाच. उतारा आटोपशीर, प्रयोग घरी करता येण्यासारखा, पक्ष-प्रतिपक्ष स्पष्ट. म्हणून सतराव्या शतकातला वादग्रस्त उतारा कसा वाचायचा, हे मी इथं या एकाच उताऱ्यावर दाखवतो. कामापुरतं इंग्रजी येत असेल तर पुरे, लॅटिनवाचून अडत नाही. गणित तर जवळजवळ नाहीच.

पायरी १: हकीकत बाजूला ठेवा, उतारा हातात घ्या

बादलीचा उतारा ज्यात आहे ते न्यूटनचं 'प्रिन्सिपिया' १६८७ साली लंडनला लॅटिनमध्ये छापलं गेलं. न्यूटनच्या हयातीत आणखी दोन आवृत्त्या निघाल्या, १७१३ आणि १७२६ मध्ये. अँड्र्यू मॉटचं इंग्रजी भाषांतर १७२९ चं. ते कॅजोरीच्या नावानं दुरुस्त होऊन १९३४ साली आलं आणि पुढं बरीच वर्षं सगळीकडे तेच चाललं. १९९९ मध्ये बर्नार्ड कोहेन आणि अ‍ॅन व्हिटमन यांचं नवं भाषांतर आलं. आज काम करायचं तर यावर करा. हाती नसेल तर मॉटचं जुनं भाषांतर इंटरनेटवर फुकट मिळतं, सुरुवातीला तेही चालेल. केंब्रिज विद्यापीठाच्या डिजिटल ग्रंथालयात पहिल्या आवृत्तीची न्यूटनची स्वतःची, हातानं दुरुस्त्या केलेली प्रत पानापानानं बघता येते. काम म्हणून नाही, तरी एकदा बघाच.

उतारा कुठं आहे? ग्रंथाच्या सुरुवातीला आठ व्याख्या आहेत, नंतर गतीचे नियम. या दोहोंच्या मध्ये सहा-सात पानांची एक टीप आहे, तिला 'स्कोलियम' म्हणतात. बादली या टिपेत येते, तीही बरीच नंतर. ग्रंथाच्या शेवटी आणखी एक प्रसिद्ध स्कोलियम आहे, 'मी गृहीतकं रचत नाही' वालं. ते वेगळं. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत ही दोन्ही हमखास एकमेकांत मिसळलेली असतात.

भाषांतर कुठलं हे विचारणं म्हणजे पंडिती चोचले नव्हेत. टिपेच्या शेवटाकडं एक वाक्य आहे. मोजण्याची राशी (काळ, अवकाश, गती वगैरे) आणि तिचं आपण वापरतो ते व्यावहारिक माप, या दोन्हींना एकच नाव असतं. धर्मग्रंथात ही नावं येतात तिथं त्यांचा अर्थ खऱ्या राशी असा घेणारे लोक धर्मग्रंथावर जबरदस्ती करतात, असं न्यूटन म्हणतो. मॉटनं १७२९ मध्ये 'पवित्र लेखन' हे शब्द ठेवले होते. कॅजोरीच्या आवृत्तीत ते गेले आणि त्यांच्या जागी भाषेच्या काटेकोरपणाला बाध आणणाऱ्यांबद्दलचं एक सभ्य वाक्य आलं. बायबल आणि पृथ्वीची गती हा त्या काळातला केवढा ज्वलंत विषय! १९३४ ची आवृत्ती वाचणाऱ्याला त्याचा इथं वासही लागत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, चौथ्या पायरीवर त्याचा उपयोग आहे.

इंटरनेटवर जुन्या तत्त्वज्ञांची सोप्या इंग्रजीतली रूपांतरंही मिळतात. पहिल्या वाचनाला ती झकास, पण वादग्रस्त वाक्याचा कीस त्यांवर काढू नये. वाक्य सोपं करताना रूपांतरकारानं वादात एक बाजू आधीच घेतलेली असू शकते.

पायरी २: वाक्यं सुटी करा, आणि जमलं तर बादली टांगाच

वही घ्या. उताऱ्यातलं एकेक वाक्य आपल्या शब्दांत मराठीत लिहा आणि प्रत्येकासमोर खूण करा: हे निरीक्षण आहे, की निरीक्षणावरून काढलेलं अनुमान, की सर्वसाधारण विधान. कंटाळवाणं काम आहे, पण निम्मे वाद इथंच मिटतात.

निरीक्षणाचा भाग असा. लांब दोरीला बादली टांगायची, दोरी ताठ होईपर्यंत पीळ द्यायचा, बादलीत पाणी भरायचं, सगळं स्थिर होऊ द्यायचं. मग बादलीला एकदम उलट दिशेनं फिरवून सोडायचं. पीळ सुटत जातो तशी बादली फिरत राहते. पहिल्यांदा पाण्याचा पृष्ठभाग सपाटच असतो. बादलीच्या रेट्यानं पाणी हळूहळू फिरायला लागतं, मध्यापासून दूर सरतं, कडेनं चढतं आणि पृष्ठभागाला खळगा पडतो. 'हे मी स्वतः अनुभवलं आहे' असं न्यूटन इथं मध्येच सांगतो. शेवटी पाणी बादलीइतक्याच वेगानं फिरतं, म्हणजे बादलीच्या हिशेबानं ते स्थिर असतं, आणि खळगा तेव्हाच सर्वांत खोल असतो.

घरी झोपाळ्याची कडी असेल तर हे करून बघायला फार काही लागत नाही. सुती दोरी घ्या. नायलॉनची सुळसुळीत असते, पीळ नीट धरत नाही. स्टीलची बादली अर्धीच भरा, आणि पाण्यावर कोथिंबिरीची दोन पानं टाका. बादली सोडली की पहिले काही फेरे पानं जागच्या जागी रेंगाळतात आणि बादलीची कड त्यांच्याभोवती फिरते. मग पानं चालू लागतात. २४ सेंमी व्यासाच्या बादलीत पाणी सेकंदाला एक फेरा या वेगानं फिरलं, तर मधलं पाणी आणि कडेचं पाणी यांच्या पातळीत सुमारे ३ सेंमीचा फरक पडतो. नुसत्या डोळ्यांनी सहज दिसतो. खाली फरशीवर जुनं पोतं टाकायला विसरू नका.

आता पुस्तकांतली आकृती आठवा. बहुतेक ठिकाणी चार चित्रं असतात: दोन्ही स्थिर, नुसती बादली फिरतेय, दोन्ही फिरताहेत, आणि चौथं, बादली हातानं थांबवली पण पाणी फिरतंच आहे, खळगा तसाच. न्यूटनच्या उताऱ्यात हे चौथं चित्र नाही! नंतरच्या लोकांनी ते जोडलंय. शिकवायला उपयोगी आहे, भौतिकशास्त्राच्या दृष्टीनं बरोबरही आहे, पण न्यूटनला ते लागलं नाही. का लागलं नाही, हा प्रश्न वहीत लिहून ठेवा. सुटी वाक्यं लिहून काढण्याचा फायदा हा असा.

अनुमानाचं वाक्य एकच, दोन तुकड्यांचं: पाण्याची मध्यापासून दूर सरण्याची ओढ भोवतालच्या वस्तूंच्या संदर्भात होणाऱ्या स्थलांतरावर अवलंबून नाही, आणि म्हणून खऱ्या वर्तुळाकार गतीची व्याख्या अशा स्थलांतरांवरून करता येत नाही. बस्स. या वाक्यात 'अवकाश' हा शब्दच नाही. 'म्हणून निरपेक्ष अवकाश अस्तित्वात आहे' असं पुस्तकी हकीकतीतलं वाक्य इथं शोधून सापडणार नाही.

पायरी ३: आधी काय, शेवटी काय

ही युक्ती आपल्याकडे जुनी आहे. ग्रंथाचं तात्पर्य कसं ठरवावं याची मीमांसकांची कसोटी 'उपक्रमोपसंहारौ' या श्लोकात आहे, आणि टिळकांनी गीतारहस्याच्या पहिल्याच प्रकरणात ती घेऊन गीतेला लावली आहे. उपक्रम म्हणजे सुरुवात, उपसंहार म्हणजे शेवट, अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी गोष्ट. मधल्या एखाद्या चमकदार दृष्टान्तावरून तात्पर्य ठरवू नये, या तीन गोष्टी आधी तपासाव्यात. न्यूटनला ही कसोटी चपखल लागू पडते.

उपक्रम: काळ, अवकाश, स्थान आणि गती सगळ्यांना ठाऊकच आहेत, म्हणून मी त्यांची व्याख्या करत नाही. पण सामान्यतः लोक त्यांचा विचार इंद्रियांना जाणवणाऱ्या वस्तूंच्या संबंधातूनच करतात आणि त्यातून गैरसमज होतात. ते दूर करण्यासाठी निरपेक्ष आणि सापेक्ष, खरं आणि भासमान, गणिती आणि व्यावहारिक असा भेद करायला हवा. उपसंहार: खऱ्या गती त्यांच्या कारणांवरून, परिणामांवरून आणि भासमान फरकांवरून कशा ओळखायच्या, आणि उलट खऱ्या गतींवरून कारणं-परिणाम कसे काढायचे, हे पुढं सविस्तर येईल, त्यासाठीच मी हा ग्रंथ रचला.

अभ्यास कशाचा? गुणधर्म, कारणं आणि परिणाम या त्रिकुटाचा. खरी गती आणि सापेक्ष गती यांतला फरक या तीन गोष्टींवरून कळतो असं न्यूटन जाहीर करतो आणि क्रमानं एकेक घेतो. गुणधर्म: जो भाग संपूर्ण वस्तूशी आपली जागा धरून असतो, तो त्या वस्तूच्या गतीत सहभागी असतोच. कारण: खरी गती त्या वस्तूवर बळ लावल्याशिवाय बदलत नाही, सापेक्ष गती मात्र दुसऱ्याच वस्तूला ढकलूनही बदलता येते. परिणाम: वर्तुळाकार फिरणाऱ्या वस्तूची मध्यापासून दूर जाण्याची ओढ. बादली येते ती इथं, तिसऱ्या कलमाखाली, उदाहरण म्हणून.

निरपेक्ष अवकाश काय ते सांगणारा परिच्छेद त्याच्या बराच आधी येऊन गेलेला असतो. बादली ही अवकाशाच्या अस्तित्वाची सिद्धता असती, तर न्यूटननं ती त्या परिच्छेदाला लागूनच दिली असती, आणि निष्कर्षात अवकाशाचं नाव घेतलं असतं. दोन्ही झालेलं नाही. तेव्हा तिसऱ्या पायरीवरच पुस्तकी हकीकत डळमळीत होते. अजून पडलेली नाही.

पायरी ४: पूर्वपक्ष शोधा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथं घालवायचा. आपल्या शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष, म्हणजे ज्याचं खंडन करायचं ते मत, आधी मांडून मग खंडन करण्याची शिस्त आहे. सतराव्या शतकातले युरोपीय लेखक एवढे सरळ नसतात. ज्याचं खंडन करायचं त्याचं नावसुद्धा पुष्कळदा घेत नाहीत. या स्कोलियममध्येही कुणाचं नाव नाही. मग ओळखायचं कसं? निष्कर्षाचं वाक्य उलटं करून विचारायचं: 'खरी गती भोवतालच्या वस्तूंच्या संदर्भातल्या स्थलांतरावरून ठरते' असं त्या काळात कोण म्हणत होतं?

म्हणत होता फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त. १६४४ च्या 'प्रिन्सिपिया फिलॉसॉफी'च्या दुसऱ्या भागात, २४ आणि २५ या कलमांत, तो गतीचे दोन अर्थ देतो. एक बाजारी अर्थ: वस्तू एका जागेवरून दुसरीकडे जाणं. दुसरा शास्त्रीय अर्थ: एखाद्या वस्तूला थेट चिकटून असलेल्या आणि स्थिर मानलेल्या वस्तूंच्या शेजारातून तिचं दुसऱ्या वस्तूंच्या शेजारी स्थलांतर. ही व्याख्या त्याला सोयीची पडते. गॅलिलिओला १६३३ मध्ये शिक्षा झाल्याचं कळल्यावर देकार्तनं पृथ्वीची गती गृहीत धरणारं आपलं पुस्तक छापायचं थांबवलं होतं. नव्या व्याख्येप्रमाणं सूर्याभोवती सूक्ष्म द्रव्याचा भोवरा फिरतो, पृथ्वी त्यात वाहत जाते, पण तिला चिकटून असलेलं द्रव्य तिच्याबरोबरच वाहतं. म्हणजे शास्त्रीय अर्थानं पृथ्वी स्थिर! कोपर्निकसही राखला, चर्चही राखलं.

आता ही व्याख्या बादलीला लावा. पाण्याला चिकटून काय आहे? बादलीची आतली बाजू. बादली नुकतीच सोडली तेव्हा पाण्याचं आणि बादलीचं परस्पर स्थलांतर सर्वाधिक, म्हणजे देकार्तच्या हिशेबानं पाण्याची खरी गती सर्वाधिक. पृष्ठभाग मात्र सपाट. शेवटी पाणी बादलीबरोबर फिरतं तेव्हा स्थलांतर शून्य, म्हणजे देकार्तच्या हिशेबानं पाणी स्थिर. आणि खळगा सर्वांत खोल. हिशेब आणि परिणाम बरोबर उलटे पडतात. सपाट पाणी आणि खळग्याचं पाणी, या दोन टोकांत काम झालं. चौथ्या चित्राची गरजच नव्हती.

इथं माखच्या आक्षेपाचं काय होतं ते पाहा. माखनं १८८३ च्या आपल्या यांत्रिकीच्या इतिहासात लिहिलं की प्रयोगातून एवढंच कळतं की बादलीच्या सापेक्ष फिरण्यानं जाणवेल इतकी ओढ निर्माण होत नाही, पृथ्वी आणि इतर खगोलांच्या सापेक्ष फिरण्यानं होते. बादलीच्या भिंती कित्येक कोस जाड केल्या तर काय होईल हे कुणी सांगू शकत नाही. आक्षेप जबरदस्त आहे. पण न्यूटन दूरच्या ताऱ्यांबद्दल का बोलला नाही याचं उत्तर आता साधं झालं: समोरचा माणूस ताऱ्यांबद्दल बोलतच नव्हता, चिकटून असलेल्या वस्तूंबद्दल बोलत होता. (आणि ताऱ्यांचा मुद्दा माखच्या आधी आयरिश तत्त्वज्ञ बर्कलीनं १७२१ मध्येच काढला होता. हकीकतीत बिचाऱ्याला जागा मिळत नाही.)

पूर्वपक्षाचा असा तर्क जुळला की हुरळून जायचं नाही, पुरावा जमवायचा. आणि पुराव्याची प्रतवारी करायची.

पहिल्या प्रतीचा पुरावा उताऱ्याच्या आतला. न्यूटनच्या लॅटिन वाक्यात 'स्थलांतर' या अर्थी जो शब्द आहे, 'ट्रान्सलातिओ', तोच देकार्तच्या २५ व्या कलमातल्या व्याख्येचा कणा आहे. त्याहून भक्कम गोष्ट म्हणजे बादलीच्याच परिच्छेदात पुढं न्यूटन एकदम आकाशात जातो: ज्यांच्या मते आपली आकाशं ताऱ्यांच्या गोलाखाली फिरतात आणि ग्रहांना बरोबर नेतात, त्यांच्या पद्धतीतसुद्धा त्या आकाशांचे भाग आणि त्यांत 'स्थिर' असलेले ग्रह खरोखर हलतच असतात. बादलीत बसून एकदम ग्रहांकडं उडी का? देकार्तचे भोवरे डोळ्यांसमोर असल्याखेरीज या वाक्याला तिथं कामच नाही. पहिल्या पायरीवरचं धर्मग्रंथाचं वाक्यही आता बोलू लागतं. शास्त्रीय अर्थ आणि बाजारी अर्थ यांची अदलाबदल करून पृथ्वीला स्थिर ठरवणाऱ्याला मारलेला तो टोला आहे, असं मला वाटतं. सगळे अभ्यासक एवढं मान्य करतील असं नाही.

दुसऱ्या प्रतीचा पुरावा त्याच लेखकाच्या इतर लिखाणाचा. न्यूटनचं एक हस्तलिखित आहे, पहिल्या शब्दांवरून 'दे ग्राविटाटिओने' म्हणून ओळखलं जाणारं. त्यात देकार्तचं नाव घेऊन पानंच्या पानं खंडन आहे: देकार्त पृथ्वीला शास्त्रीय अर्थानं स्थिर म्हणतो आणि तरी तिला सूर्यापासून दूर जाण्याची ओढ असते असंही म्हणतो, मग ही ओढ कुठल्या गतीची? शिवाय देकार्तची व्याख्या धरली तर गुरू ग्रह एक वर्षापूर्वी नेमका कुठं होता हे सांगायची सोयच उरत नाही, कारण त्या वेळचे शेजारी आता त्या जागी नाहीत. स्कोलियममधले युक्तिवाद इथं कच्च्या रूपात दिसतात. पण जपून. हस्तलिखितावर तारीख नाही, ते कधी लिहिलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही, आणि ते छापलं गेलं थेट १९६२ साली. त्यातलं प्रत्येक मत 'प्रिन्सिपिया'त गृहीत धरणं चूक. आणि माखला ते वाचायला मिळालंच नव्हतं, तेव्हा त्याला नावं ठेवण्यातही अर्थ नाही.

तिसऱ्या प्रतीचा पुरावा समकालीनांचा. जर्मन तत्त्वज्ञ लाइब्निट्स आणि न्यूटनचा पाठीराखा क्लार्क यांचा पत्रव्यवहार १७१५-१६ चा. लाइब्निट्स निरपेक्ष अवकाशाचा कट्टर विरोधक. तरी पाचव्या पत्राच्या ५३ व्या कलमात तो कबूल करतो की वस्तूची खरी, निरपेक्ष गती आणि दुसऱ्या वस्तूच्या संदर्भात तिची नुसती बदललेली जागा, यांत फरक आहे. म्हणजे 'प्रत्येक वस्तूची काही एक खरी गती असते' हे दोन्ही पक्षांना मंजूर होतं. भांडण होतं ती खरी गती म्हणजे काय, यावर. आज आपण 'सगळी गती सापेक्षच' असं शाळेपासून ऐकत आलेलो असल्यामुळं हे गृहीत आपल्या लक्षातच येत नाही, आणि न्यूटन ते सिद्ध करत होता असं आपण धरून चालतो. अलीकडच्या अभ्यासकांपैकी रोनाल्ड लेमन यांनी १९७८ मध्ये देकार्त-विरोधाचा मुद्दा ठामपणे मांडला. रॉबर्ट रिनासेविच यांनी १९९५ मध्ये संपूर्ण स्कोलियमची जुळणी दाखवली: खऱ्या गती आहेत हे धरून चालायचं, आणि सापेक्ष गतीवरून त्या ठरवता येत नाहीत हे गुणधर्म, कारणं, परिणाम अशा तीन बाजूंनी दाखवायचं. स्टॅनफर्डच्या तत्त्वज्ञान विश्वकोशात रिनासेविच यांचाच या विषयावरचा लेख मोफत वाचता येतो. पण तो या पायरीनंतर वाचा, आधी नको. आधी वाचलात तर उतारा तुम्हाला त्यांच्याच डोळ्यांनी दिसेल.

पायरी ५: आता विरुद्ध बाजूनं भांडा

इथपर्यंत आलेला नवखा वाचक फार खूश असतो. पुस्तकं चूक, आपण बरोबर! म्हणून आता पुस्तकी वाचनाची वकिली करा, आणि मनापासून करा.

बादलीच्या परिच्छेदात आणखी एक वाक्य आहे. फिरणाऱ्या प्रत्येक वस्तूची खरी वर्तुळाकार गती एकच असते आणि तिला साजेशी ओढही एकच. सापेक्ष गती मात्र अगणित असतात, बाहेरच्या वस्तू बदलतील तशा. हे 'बाहेरच्या वस्तू' प्रकरण चिकटून असलेल्या वस्तूंपुरतं राहत नाही. तारे, पर्वत, काहीही त्यात येतं. म्हणजे बादलीतून देकार्तचं खंडन झालं खरं, पण न्यूटन त्याच दमात सर्वच सापेक्ष व्याख्यांवर बोलून जातो.

आणि मग गोळे. स्कोलियमच्या शेवटी न्यूटन म्हणतो, अवकाशाचे भाग इंद्रियांना दिसत नाहीत, त्यामुळं खऱ्या गती ओळखणं अवघड आहे, पण अगदीच आशा सोडण्यासारखं नाही. दोन गोळे दोरीनं बांधलेले, सामायिक गुरुत्वमध्याभोवती फिरताहेत, भोवती अफाट पोकळी, तुलना करायला दुसरी एकही वस्तू नाही. तरी दोरीतल्या ताणावरून ते किती फिरताहेत हे काढता येईल. इथं देकार्त कुठं आहे? देकार्तच्या जगात तर रिकामी जागाच नाही. हा मुद्दा सरळसरळ माखच्या अंगणात पडतो. माख म्हणेल, रिकाम्या विश्वात दोरीत ताण येईल हे तुम्हाला कुणी सांगितलं?

तर मग? माझा निवाडा असा. बादलीचा निष्कर्ष मर्यादित आहे आणि पूर्वपक्ष देकार्तचा आहे. पण निव्वळ सापेक्ष वर्तुळाकार गतीत ओढ शून्य असते, हे विधान न्यूटन बादलीच्या आधीच, परिणामांचं कलम सुरू करताना, करून टाकतो. बादली त्याला उदाहरण पुरवते, सर्वांगीण पुरावा पुरवत नाही. माखचा घाव या विधानावर पडतो आणि तिथं तो वर्मी लागतो. बादलीवरच्या निष्कर्षावर मात्र तो घाव पडतच नाही. 'माखनं न्यूटनचं खंडन केलं' आणि 'माखनं न्यूटनला चुकीचं वाचलं' ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात.

पायरी ६: खरं-खोटं शेवटी

लेखक काय म्हणाला आणि तो बरोबर होता का, हे प्रश्न दोन वेगळ्या कागदांवर लिहा. बरोबर होता का या कागदावर लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. गतीच्या नियमांनंतरच्या पाचव्या उपसिद्धान्तात न्यूटन स्वतःच दाखवतो की एखादी बंदिस्त रचना स्थिर आहे की सरळ रेषेत एकसमान वेगानं चालली आहे, हे आतल्या हालचालींवरून कळत नाही. म्हणजे निरपेक्ष फिरणं ओळखता येतं, निरपेक्ष वेग ओळखता येत नाही. मग निरपेक्ष अवकाश मानून न्यूटननं गरजेपेक्षा जास्त मानलं का? हॉवर्ड स्टाइन यांच्या १९६७ च्या निबंधापासून या प्रश्नाची नीट मांडणी सुरू झाली. हे सगळं महत्त्वाचं आहे, पण उताऱ्याचा अर्थ यानं ठरत नाही. तो १६८७ सालचा आहे.

पायरी ७: एक पान लिहा

जास्त नको. वर तुमच्या वाचनाचा दावा, एका वाक्यात. खाली त्याला आधार देणारी मूळ उताऱ्यातली वाक्यं, परिच्छेदाच्या उल्लेखासह. त्याखाली तुमच्या वाचनाला न जुमानणारी वाक्यं, तीही प्रामाणिकपणे. आणि शेवटी, काय सापडलं तर तुम्ही हे वाचन सोडून द्याल, ते. 'न्यूटनला असं म्हणायचं असावं' अशी वाक्यं पानावर आली तर त्यापुढं लगेच विचारा, कशावरून?

हे पान ज्यानं उतारा वाचलेला नाही अशा कुणाला तरी वाचायला द्या. त्याला कळलं नाही तर दोष त्याचा नाही.

एवढं झालं की पुढचा धडा तिथंच शेजारी आहे: ते दोन गोळे. त्या उताऱ्यात न्यूटन गोळ्यांच्या दोन समोरासमोरच्या बाजूंना एकाच वेळी बळ लावायला सांगतो, म्हणजे दोरीतला ताण वाढतो का कमी होतो यावरून फिरण्याची दिशाही कळते. मग तो दूर काही स्थिर वस्तू ठेवतो, आकाशातल्या ताऱ्यांसारख्या, आणि विचारतो, आता हलतंय कोण? बर्कलीनं या गोळ्यांबद्दल काय म्हटलं ते १७२१ च्या 'दे मोटू'च्या ५९ व्या कलमाच्या आसपास सापडेल. सुरुवात पुन्हा वहीपासून: कुठलं वाक्य निरीक्षणाचं आहे? इशारा देऊन ठेवतो, या वेळी 'हे मी स्वतः अनुभवलं आहे' असं न्यूटन कुठंही म्हणत नाही.